आकाशातली कूपनं

(कॉन्व्हेंटची असल्याने शुद्धलेखनाला सांभाळून घ्या!)

माझी न्यू जर्सीची मावशी मुंबईला येताना अबुधाबीला विमान बदलते. का, तर "स्वस्त पडतं गं!" म्हणून शोधायला बसले.

मित्रांनो, विमान आहे म्हणून कुठल्याही देशात उडता येत नाही. दोन देशांच्या करारात आठवड्याच्या सीट्स ठरतात. थोडक्यात, मेसची कूपनं! २०१३ मध्ये एतिहादने जेट एअरवेजचे २४ टक्के शेअर्स घ्यायचं ठरवलं. त्याच सुमारास भारत-अबुधाबी सीट्स आठवड्याला सुमारे १३,००० वरून टप्प्याटप्प्याने ५०,००० पर्यंत न्यायचा करार झाला. कूपनं दोन्ही बाजूंना सारखीच. पण अबुधाबीचा हब एतिहादचा. आपल्या शहरांतून माणसं तिथे गोळा करायची आणि पुढे न्यूयॉर्क, लंडनच्या विमानांत भरायची. म्हणजे अर्ध्या प्रवासाचं कूपन आपलं, पण लांबचा, पैशाचा प्रवास त्यांचा! मला तरी हा सौदा असाच दिसतो.

एप्रिल २०१९ मध्ये जेट बंद पडली. तिची परदेशी कूपनं सरकारने इतर भारतीय कंपन्यांना तात्पुरती वाटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, म्हणजे कूपनं मागणारा एक हात आणखी कमी.

मावशी डिसेंबरमध्ये येतेय. व्हाया अबुधाबीच.