दिव्याखालचा अंधार आणि दिव्यावरची शोभा

नववीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवीत असताना एका मुलाने मला प्रश्न केला, “सर, टेंभा मिरवणे म्हणजे बढाई मारणे हे कळले, पण टेंभा म्हणजे काय?” उत्तर सोपे होते. काठीला चिंध्या गुंडाळून, तेलात भिजवून पेटविलेली मशाल ती टेंभा. परंतु हा प्रश्न ऐकून मला थोडे थांबावेसे वाटले. मी मुलांना माहीत असतील तेवढ्या दिव्यांची नावे वहीत लिहावयास सांगितली. पणती, समई, निरांजन आणि कंदील एवढी नावे बहुतेकांनी लिहिली. त्यांतही कंदील म्हणजे दिवाळीतला आकाशकंदील, हातात धरून गोठ्यात न्यावयाचा नव्हे. लामणदिवा हा शब्द एकाच मुलीने लिहिला होता. तिच्या मावशीचे घर गोव्यात आहे आणि तेथील देवघरात तो अद्याप टांगलेला आहे.

वस्तू गेली की शब्द जातो, ही तक्रार आपण शिक्षक वारंवार करीत असतो. प्रस्तुत लेखात ती तक्रार पुन्हा करावयाची नाही. दिव्याला जी शोभा आपल्या लोकांनी दिली ती कोठून आली, तिच्यामागे कोणती गरज होती आणि ती गरज संपल्यावर त्या शोभेचे काय झाले, एवढेच पाहावयाचे आहे. प्रवासात आणि नित्याच्या जागी जे दिसले तेच उदाहरणादाखल घेतो.

आरंभ समईपासून करू. समईचे रूप केवळ सौंदर्यासाठी घडले, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तिचा प्रत्येक अवयव तेलाच्या स्वभावातून आलेला आहे. तिळाचे, करडईचे वा खोबऱ्याचे तेल घट्टसर असते. ते वातीतून फार उंच चढत नाही. म्हणून ज्योत तेलाच्या पृष्ठभागाजवळ ठेवावी लागते आणि तेलाचे पात्र उथळ व पसरट करावे लागते. उजेड वाढवावा म्हणून वात जाड केली, तर ती धूर सोडते. तेव्हा जाड वातीऐवजी अनेक वाती हा उपाय निघाला आणि तबकाच्या काठाला वाती टेकविण्यासाठी चोची आल्या. तेल ओघळते, म्हणून तळाशी रुंद काठाची बैठक आली. तीच समईला उलटू देत नाही. खांब पेचाचे केले, कारण घासताना समई सुटी करता आली पाहिजे. एवढे सर्व झाल्यावर शिखरावर हंस किंवा मोर बसला. कारागिराने अलंकार केला तो जेथे काम संपले होते तेथे. जेथे काम होते तेथे त्याने हात आवरला. चांगल्या समईकडे पाहून मन प्रसन्न होते, त्याचे रहस्य या संयमात आहे असे मला वाटते.

तेलाच्या याच दिव्याने आपल्याला एक म्हण दिली: दिव्याखाली अंधार. आजच्या मुलांना ती केवळ उपदेशाची वाटते, कारण विजेचा दिवा छताला असतो आणि त्याच्या खालीच सर्वांत अधिक उजेड पडतो. पितळेच्या किंवा मातीच्या पात्रातील ज्योत मात्र वर आणि सभोवार प्रकाश देते. खाली पात्राचीच सावली पडते. म्हणजे ही म्हण आधी निरीक्षण होती, उपदेश नंतर झाली.

लामणदिवा हा टांगता दिवा. साखळीने तो उंच केला की उजेड दूरवर जातो, आणि उंदरांपासून व मुलांपासून तेलाचे रक्षण होते. त्याच्या साखळीच्या कड्यांत हत्ती, पक्षी, नर्तकी, वादक गुंफण्याची चाल फार जुनी आहे. मुंबईजवळच्या जोगेश्वरी येथे सापडलेला हत्तीचा दिवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे; तो पाहिला म्हणजे हे ध्यानात येते. काही दिव्यांत पक्ष्याच्या किंवा हत्तीच्या पोटात तेल साठविण्याची युक्ती असते. वरचे भांडे सर्व बाजूंनी बंद असून खालचे छिद्र तबकातील तेलात बुडलेले असते. तबकातील तेल छिद्राखाली उतरले की हवा आत शिरते आणि तेवढे तेल खाली येते; छिद्र पुन्हा बुडाले की प्रवाह थांबतो. नंदादीप अखंड राहावा या श्रद्धेला कारागिराने हवेच्या दाबाची जोड दिली. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा दिवा वर्गात अवश्य समजावून सांगावा.

दिव्याखालचा अंधार प्रथम दूर केला तो काचेने. आमच्या देवळांतून आणि वाड्यांतून ज्या हंड्या टांगलेल्या असत, त्यांच्या आतील काचेच्या पेल्यात खाली पाणी व वर तेल घालीत. तेल पाण्यावर तरंगते आणि ज्योत त्या तेलावर. खाली धातू नसून पाणी व काच असल्यामुळे प्रकाश खालीही उतरतो. शिवाय तेल संपताच वात पाण्याला टेकून विझते आणि काच तडकत नाही. रंगीत हंड्यांची शोभा सर्वांना दिसते; त्यांच्या तळच्या पाण्याचा हा उपकार फारसा कोणाच्या लक्षात येत नाही.

हंडीपुढची पायरी झुंबराची. इंग्लंडात जॉर्ज रेव्हन्स्क्रॉफ्ट याने १६७४ मध्ये शिसेयुक्त काचेचे पेटंट घेतले. शिशामुळे काच जड होते, तिला पैलू पाडणे सोपे जाते आणि प्रकाशाचे वक्रीभवन अधिक होते. मेणबत्तीची ज्योत लहान. परंतु तिच्याभोवती शेकडो लोलक टांगले की प्रत्येक पैलू तिला निराळ्या दिशेने फेकतो आणि प्रकाशाचे रंगही वेगळे करतो. झुंबर प्रकाश निर्माण करीत नाही, तो वाटतो. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या ऑस्लर या पेढीने कलकत्त्यास दुकान थाटून आपल्या संस्थानिकांना आणि श्रीमंतांना अशी झुंबरे पुरविली. आपल्याकडे मात्र कोठलीही चांगली काच ‘बेल्जमची’ म्हणण्याचा प्रघात पडला.

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात या हौसेचे टोक पाहावयास मिळते. जयाजीराव शिंदे यांच्यासाठी मायकेल फिलोज याने बांधलेला हा वाडा १८७४ मधील. दरबार हॉलातील दोन झुंबरे प्रत्येकी सुमारे ३.५ टन वजनाची असल्याचे सांगतात. आणि ती टांगण्यापूर्वी छताची परीक्षा घेण्यासाठी हत्ती वर चढविले होते, ही कथा तेथील मार्गदर्शक प्रत्येकास ऐकवितो. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यातील खिलवत दालनात १९ झुंबरे आहेत. त्या राजवाड्याच्या जीर्णोद्धाराला २०१० मध्ये युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. या दोन्ही ठिकाणी उभे राहिले असता मान आपोआप वर होते. पण मला अधिक जवळची वाटली ती गोव्यातील मंगेशीची झुंबरे. तेथे एकोणिसाव्या शतकातील काचेची झुंबरे सभामंडपात आहेत आणि बाहेर अंगणात सात मजल्यांचा दीपस्तंभ. आत परदेशी काच, बाहेर तेलाच्या पणत्यांसाठी बांधलेले कोनाडे. परंतु भाविकाला त्यांत विसंगती वाटत नाही. देशावरील दीपमाळ दगडी, वर निमुळती होत जाणारी, पणत्यांसाठी बाहेर हात काढलेली. गोव्याचा दीपस्तंभ मजल्यामजल्यांचा, चुन्याने गिलावा केलेला, युरोपीय कमानी व खांब सहज अंगावर घेतलेला. घडण निराळी, दिवा एकच.

शब्दांनीही असाच प्रवास केला आहे. दिवा हा संस्कृत दीपापासून आला. कंदील अरबीतून आला आणि अरबीत तो लॅटिनमधील मेणबत्तीच्या शब्दावरून गेला. फानूस हाही अरबीतला, मूळचा ग्रीक. मशाल अरबी, बिलोरी फारसीच्या मार्गाने आलेला. कंदिलाच्या काचेला आपण चिमणी म्हणतो ती इंग्रजीतली. मराठी चिमणीशी तिचा संबंध केवळ कानापुरता. एका देवळाच्या छताखाली समई, हंडी, झुंबर आणि कंदील ही मंडळी एकत्र नांदत होती, तेव्हा त्यांच्याबरोबर निम्म्या जगाचे शब्दही नांदत होते.

रॉकेल आले आणि दिव्याचे रूप पालटले. हे तेल पातळ असल्याने वातीतून उंच चढते. म्हणून टाकी खाली व बंद आणि ज्योत वर, अशी रचना शक्य झाली. मी लहानपणी खानापूरकडच्या आमच्या खेड्यात कंदिलाच्या काचा राखेने पुसल्या आहेत. नंतर वीज आली. विजेच्या दिव्याला ना तेलाची ओढ, ना वाऱ्याचे भय. तो उलटा टांगला तरी जळतो. म्हणजे समईचा, हंडीचा, झुंबराचा आकार ज्या कारणांनी घडला होता, ती सर्व कारणे एकदम नाहीशी झाली.

अशा वेळी दोन मार्ग संभवतात. एक मार्ग नवा आकार शोधण्याचा. इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यात यशवंतराव होळकर यांनी तो धरला. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुटेसियुस याने १९३० नंतरच्या काळात तेथे जे सामान केले, त्यांत वाचनासाठी अंगातच दिवे बसविलेल्या लाल खुर्च्या होत्या. वीज तारेतून कोठेही जाते, मग दिवा खुर्चीत का नसावा, असा हा सरळ विचार. समई घडविणाऱ्याच्या विचाराशी त्याचे नाते आहे. झुंबराची नक्कल करणाऱ्याशी नाही. परंतु १९८० मध्ये मोनाकोत त्या सामानाचा लिलाव झाला. वाडा इंदुरातच राहिला; दिवे मात्र जगभरच्या संग्रहांत विखुरले.

दुसरा मार्ग नकलेचा. महामार्गावरील उपाहारगृहांत आपण तो नित्य पाहतो: प्लास्टिकची मेणबत्ती, तिच्यावर प्लास्टिकचेच ओघळलेले मेण आणि टोकाला ज्योतीच्या आकाराचा दिवा. जे मेण कधी वितळलेच नाही त्याचे ओघळ शोभा म्हणून मिरविणे यालाच आपल्या पूर्वजांनी टेंभा मिरवणे म्हटले असते.

हे लिहिताना मला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. सभामंडपातील चार हंड्या, दोन उंच समया आणि एक लामणदिवा काढून टाकावा, पितळ वजनावर विकावे आणि त्या पैशात विजेची नवी शोभा आणावी, असा प्रस्ताव सभेत आला. मला बोलावणे होते. कोणीतरी विचारले, “हेडमास्तर, तुमचे काय मत?” मी म्हणालो, “सर्वांना पटेल तसे करा.” एवढे शब्द बोलून मी मोकळा झालो. जे मी आज चार पाने भरून लिहीत आहे, ते त्या दिवशी दोन वाक्यांत सांगता आले असते. पितळ किलोवर गेले. हंड्यांचे काय झाले ते कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारा गुरव माझ्या दाराशी आला आणि म्हणाला, “मास्तर, आता वात कशात लावू?” बाजारातून आणलेल्या नव्या समईत वातीच्या जागी पाच विजेचे दिवे होते. तेल घालावयास तीत जागाच नव्हती.

गुरवाचा प्रश्न भावनेचा नव्हता, कामाचा होता. म्हणून तो अधिक लागला. देवस्थानच्या मंडळींना दोष देऊन मला सुटता येणार नाही. त्यांना ते दिवे जुने पितळ वाटले, कारण त्यांत काय आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आणि सांगण्याचे काम ज्याचे होते तो गप्प बसला.

याउलट एका माणसाने काय करता येते याचे उदाहरण पुण्यात आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर गावोगाव हिंडले आणि दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू त्यांनी जमविल्या. आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केला. राजा केळकर संग्रहालयातील दिव्यांच्या दालनात मी प्रत्येक वेळी अधिक वेळ रेंगाळतो. तथापि सर्व दिवे पुण्यास नेता येणार नाहीत, आणि नेऊही नयेत. दिवा जेथे लागत होता तेथेच तो असावा, हे उत्तम.

म्हणून आपणा शिक्षकांपुढे एक साधी सूचना ठेवतो. यंदा आमच्या शाळेत आम्ही एक वही घातली आहे. मुलाने आपल्या घरातील किंवा देवळातील एक जुना दिवा पाहावा, त्याचे चित्र काढावे आणि चार गोष्टी लिहाव्यात: घरात त्याला काय म्हणतात, त्याच्या भागांची नावे काय, तो कोण लावते आणि केव्हा लावते. उत्तर आजीला विचारावे, पुस्तकाला नव्हे. गोव्यातील दिवज, म्हणजे उत्सवात सुवासिनी हाती घेतात तो अनेक दिव्यांचा मातीचा दीप. खंडोबाच्या जागरणातील दिवटी आणि बुधली. इंदूर-बडोद्याच्या जुन्या घरांतील भिंतीवरच्या दिवालगिऱ्या. हैदराबादकडील फानूस: प्रत्येक केंद्रातून अशी एक वही आली, तर मराठीच्या दिव्यांचा कोश सिद्ध होण्यास फार काळ लागणार नाही. शंभर वर्षांपलीकडील अशी कलावस्तू परवान्यावाचून देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे, हेही देवस्थानांच्या विश्वस्तांना सांगावे. ते अनेकांना ठाऊक नसते. मात्र भंगाराच्या तराजूपासून दिव्याला कोणताही कायदा वाचवीत नाही. तेथे त्याचे नाव जाणणारा कोणीतरी उभा असावा लागतो.

टेंभ्याचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने वहीत पहिले पान लिहिले आहे. त्याने गुरवाकडे जाऊन जुन्या समईची माहिती विचारली. समई आता नाही. पण बैठकीपासून शिखरापर्यंत गुरवाने सांगितली आणि मुलाने ती काढली. चित्रात मोराची मान थोडी वाकडी झाली आहे. वातीच्या चोची मात्र बरोबर पाच आहेत.