हिंदुकुशातील कलाश खोरी

पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात, अफगाणिस्तानच्या सीमेला खेटून, चित्राळच्या नैर्ऋत्येला बुंबुरेत, रुंबूर आणि बिरीर ही तीन अरुंद खोरी आहेत. हिंदुकुशाच्या कुशीतल्या या खोऱ्यांत कलाश समाज राहतो. लोकसंख्या तीन-चार हजारांच्या घरात. भाषा कलाशा, म्हणजे मराठीप्रमाणेच इंडो-आर्य कुळातली. धर्म मात्र आसपास इतर कुठेही न उरलेला. त्यात अनेक देवता आहेत, बकऱ्यांचे बळी आहेत आणि जुनिपरचा धूर आहे.

एके काळी सीमेपलीकडच्या डोंगरांतही अशाच देवतांना मानणाऱ्या जमाती होत्या. तो मुलूख काफिरिस्तान म्हणून ओळखला जाई. १८९३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांची हद्द ठरवणारी ड्युरँड रेषा आखली गेली आणि तो अफगाणिस्तानच्या वाट्याला गेला. पुढे १८९५-९६ च्या मोहिमेत अमीर अब्दुर रहमान खानाने तिथल्या लोकांचे सक्तीने धर्मांतर केले, मुलखाचे नावही नूरिस्तान झाले. कलाश खोरी चित्राळच्या मेहतराच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या अमलाखाली, रेषेच्या अलीकडे होती. मेहतराला कर आणि वेठबिगार द्यावी लागे, पण देव राहिले. सिकंदराच्या सैनिकांचे वंशज ही कलाशांची जगभर पसरलेली ओळख मात्र पुराव्यावर टिकत नाही. जनुकीय अभ्यासाला ग्रीक वंशाचा आधार सापडलेला नाही. उसन्या पूर्वजांवाचूनही या समाजाचा इतिहास पुरेसा मोठा आहे.

खोऱ्यात पोचल्यावर प्रथम नजरेत भरतात ती उतारावर पायऱ्यांसारखी चढत गेलेली दगड-लाकडाची घरे. खालच्या घराचे सपाट छप्पर हेच वरच्या घराचे अंगण. भोवती अक्रोड, तुती, जर्दाळू, झाडांवर चढलेल्या द्राक्षवेली आणि ओढ्याकाठी मक्याची शेते. स्त्रियांचा रोजचा पोशाख काळा पायघोळ झगा. त्याच्या गळ्याला, बाह्यांना आणि घेराला भडक रंगाच्या धाग्यांचे भरतकाम असते. गळ्यात मण्यांच्या कित्येक माळा, डोक्यावर कवड्या आणि मणी जडवलेली, पाठीवर पट्टीसारखी उतरणारी टोपी. सणाला तिच्यावर कुपास हे कवड्यांनी गच्च भरलेले जड शिरोभूषण चढते. समुद्रापासून शेकडो मैल दूर, बर्फाच्या मुलखात कवडीला हा मान आहे.

कलाश धर्म समजण्यासाठी खोऱ्याचा नकाशा समजावा लागतो. उंचावरची कुरणे, बकऱ्यांचे गोठे आणि देवस्थाने ही ओंजेस्ता, म्हणजे पवित्र जागा. खालचा भाग, स्मशान आणि बशाली, म्हणजे पाळीतल्या व बाळंत स्त्रियांचे घर, या प्रगता, म्हणजे अपवित्र. गोठ्यांची वाट पुरुषांची. सजिगोर, महांदेओ या देवांची स्थाने उघड्यावर, झाडांच्या सावलीत असतात आणि तिथे स्त्रिया जात नाहीत. कुळाची आणि चुलीची देवता जेस्तक हिच्यासाठी मात्र वस्तीतच जेस्तक हान हे लाकडी देवघर असते. आत कोरीव खांब, मध्यभागी चूल, वर धूर जायला झरोका आणि भिंतीवर देवीचे चिन्ह म्हणून घोड्यांची लाकडी मुंडकी.

पाळीत आणि बाळंतपणात स्त्रिया वस्तीबाहेरच्या बशालीत राहतात. मराठी वाचकाला यात विटाळाची चाल दिसेल, आणि ते साम्य खरेच आहे. पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. विन मॅगी या मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात बशाली ही स्त्रियांची स्वतःची जागाही असल्याचे दाखवले आहे. याच समाजात विवाहितेला नवरा सोडून दुसऱ्या पुरुषाबरोबर संसार मांडता येतो. नव्या नवऱ्याने आधीच्या नवऱ्याला त्याने दिलेल्या देजाच्या दुप्पट भरपाई द्यायची असते.

वर्षाची मांडणी सणांवर आहे. मे महिन्यात जोशी, ऑगस्टमध्ये उचाव आणि डिसेंबरच्या उत्तरायणाच्या सुमारास सर्वांत मोठा चौमोस. जोशी हा दुधाचा सण आहे. त्याआधी काही दिवस साठवलेले दूध सणात वाटले जाते आणि स्त्रिया एकमेकींच्या खांद्या-कमरेला हात घालून ओळीने नाचतात. चौमोसमध्ये बालुमाइन देव खोऱ्यात येतो अशी श्रद्धा आहे. तेव्हा शुद्धीचे विधी आणि मशालींच्या मिरवणुका होतात. सण आणि पेरणीच्या वेळा ठरवण्यासाठी जाणती माणसे ठरलेल्या जागी उभी राहून सूर्य कोणत्या कड्यामागून उगवतो-मावळतो ते पाहतात. ‘सुरी जगेक’ नावाची ही विद्या २०१८ मध्ये युनेस्कोच्या तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत आली. छापील दिनदर्शिका आणि मोबाइल आल्यावर ती शिकायला तरुण कमी पडत आहेत.

पूर्वी हिवाळ्यात लोवारी खिंड बर्फाने बंद होई आणि चित्राळचा देशाशी संपर्क तुटे. २०१७ मध्ये लोवारी बोगदा खुला झाला तसे पर्यटक वाढले. त्यामुळे रोजगार आला, तशीच सणांत स्त्रियांकडे कॅमेरे रोखणारी गर्दीही आली. २०१५ च्या पुरांनी शेते आणि रस्ते वाहून नेले होते. धर्मांतराने घटणारी संख्या ही याहून जुनी चिंता आहे.

भारतीय पारपत्रावर सध्या तिथे जाणे जवळपास अशक्य आहे. परदेशस्थ मराठी माणसाला इतर पारपत्रावर संधी मिळाली, तर आयून गावाहून खोऱ्यात शिरण्यापूर्वी स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा, देवस्थानी आणि बशालीकडे परवानगीशिवाय पाऊल टाकू नये आणि विचारल्याखेरीज कोणाचेही छायाचित्र काढू नये.