चावी फिरते, पण गाडी सुरू होत नाही

आज गाडीच्या चावीबद्दल बोलू. एवढ्याशा चावीवर काय बोलायचं, असं आम्हालाही वाटायचं. पण तिच्यापायी आमच्या गटाचे पैसे गेले, म्हणून सांगतो.

आम्ही दारव्हा तालुक्यातल्या. गटाची तूरडाळ, हळद, तिखट यवतमाळला विकायला न्यायचं तर दर खेपेला भाड्याची गाडी करावी लागे. म्हणून अंतर्गत बचतीतून आणि कर्जातून एक जुनी व्हॅन घेतली. विकणाऱ्याने एकच चावी दिली. "दुसरी घरी आहे, पाठवतो," म्हणाला. आम्ही आनंदात होतो, हो म्हटलं. ती चावी आजपर्यंत आली नाही.

एक चावी हरवली तर काय, म्हणून चावीवाल्या दादांकडून नक्कल करून घेतली. दार उघडलं, चावी फिरली, सेलही मारला. पण इंजिन काही धरेना. समोर काट्यांजवळ चावीच्या चित्राचा छोटा दिवा लुकलुकत राहिला. जुनी चावी लावली की गाडी लगेच सुरू!

याचं कारण रेशन दुकानाच्या उदाहरणाने समजतं. कार्ड हातात असलं तरी मशीनवर अंगठा जुळल्याशिवाय धान्य मिळत नाही. तसंच इथे. चावीचे दाते म्हणजे कार्ड. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत बसवलेली बारीक चिप म्हणजे अंगठा. तिला ट्रान्सपॉन्डर म्हणतात. चावी लावतो त्या जागेभोवती तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून चिपला वीज मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. तो गाडीतल्या नोंदीशी जुळला तरच इंजिन चालू राहतं. चोराने नुसती चावी घासून आणली तर गाडी जाऊ नये, यासाठी ही सोय.

या चिपला सेल लागत नाही. दार उघडण्याच्या रिमोटला मात्र लागतो. म्हणून रिमोट चालत नसेल तर आधी त्याचा छोटा सेल बदलून पाहा, लगेच नवीन चावीचा खर्च करू नका.

नवीन चावीची दोन कामं असतात. एक, दाते कापणं. दुसरं, गाडीला तिची ओळख करून देणं, म्हणजे प्रोग्रामिंग. त्यासाठी स्टिअरिंगखालच्या जोडणीत मशीन लावतात, म्हणून गाडी तिथे हजर लागते. दुसऱ्या गाडीची जुनी चिप आणली तर ती बहुतेक वेळा चालत नाही.

हे कळल्यावर आम्ही यवतमाळला एका सर्व्हिस सेंटरला गेलो. त्यांनी आरसी बुक आणि ओळखपत्र मागितलं. आरसीवर नाव जुन्या मालकाचं! चार महिने आम्ही गाडी नावावर करायचं टाळत आलो होतो. त्यांनी चावी द्यायला नकार दिला, आणि त्यांचं बरोबरच होतं. कुणीही येऊन दुसऱ्याच्या गाडीची चावी मागितली, तर द्यायची का?

नावाचं काम चालू असतानाच बाजाराच्या गर्दीत आमची एकुलती चावीही हरवली. गाडी दारात उभी राहिली. ठरलेली डाळ पोचवायला पुन्हा भाड्याची गाडी केली, त्या खेपेचा नफा भाड्यातच गेला. शिवाय एक चावी हातात असताना दुसरी करणं सोपं असतं. सगळ्याच हरवल्या तर गाडी ओढून न्यावी लागते किंवा मशीनवाल्याला घरी बोलवावं लागतं, आणि खर्च बराच वाढतो.

म्हणून जुनी गाडी घेताना एवढं लक्षात ठेवा :

१. दोन्ही चाव्या आणि चावीच्या क्रमांकाची पट्टी असेल तर तीही मागा. दुसरी चावी नसेल तर तिचा खर्च किमतीतून कमी करा. दोन्ही चाव्यांनी गाडी सुरू करून बघा, मगच पैसे मोजा.

२. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. जुन्या मालकाचं गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या. विम्यावरचं नावही १४ दिवसांत बदलायला द्या.

३. गाडी एका ताईच्या नावावर घेतली, तर ती गटाची आहे असा ठराव इतिवृत्तात लिहा. आमची अध्यक्षताईंच्या नावावर आहे, ठराव वहीत आहे.

४. चावी हरवली तर पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून पोच घ्या.

५. प्रोग्रामिंगला जाताना असतील त्या सगळ्या चाव्या न्या. बऱ्याच गाड्यांत हजर नसलेल्या चाव्यांची नोंद पुसता येते. याचा फायदाही आहे : जुन्या मालकाकडे राहिलेल्या चावीने आपली गाडी सुरू होणार नाही. काम डोळ्यांसमोर करून घ्या, बिल घ्या.

आणि गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी चाव्या मागते. एकच दाखवता आली, तर दुसरी कुठे गेली याचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

आता आमच्याकडे दोन चाव्या आहेत. एक चालवणाऱ्या ताईकडे, दुसरी गटाच्या पेटीत. कोणी नेली, कधी परत आणली, हे वहीत लिहितो. बचतीचा रुपया न् रुपया लिहिणाऱ्या बाया आपण, चावी तेवढी लिहायची राहिली होती.

तुमच्या गटाची गाडी असेल, तर पुढच्या बैठकीत दोन प्रश्न विचारा : दुसरी चावी कुठे आहे? आणि आरसीवर नाव कुणाचं आहे?