शंख पिवळा दिसतो तेव्हा : मोबाईलचा कॅमेरा आणि आपला निर्णय

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी आम्हाला विचारलं, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं मोबाईलच्या कॅमेऱ्यात काय काम? काम आहे. 'दिसतं ते तसंच असतं का?' हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. आज तो प्रत्येकाच्या खिशात येऊन बसला आहे.

पूर्वी फोटो आठवण म्हणून काढायचे. आता फोटोवर निर्णय होतात. तासगाव-पलूसकडचा द्राक्षबागायतदार पानावरचा डाग मोबाईलवर टिपतो आणि सल्लागाराला पाठवतो. तो फोटो बघून औषध सांगतो. सांगलीचा हळदीचा व्यापारी नमुन्याचा फोटो परगावच्या गिऱ्हाईकाला पाठवतो. २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली ओल आणि गाळाची रेघ लोकांनी मोबाईलमध्येच धरून ठेवली. असा फोटो म्हणजे साक्ष. आपल्या दर्शनांच्या भाषेत बोलायचं तर ते प्रमाण. बघणारा त्याला प्रत्यक्ष समजतो. पण त्यात कॅमेऱ्याने केलेलं बरंचसं अनुमान मिसळलेलं असतं. ते अनुमान कसं चालतं आणि ते आपल्या हातात कसं घ्यायचं, एवढंच आज बघू.

'ऑटो'वर असलेला कॅमेरा आधी चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या छटेकडे आणायला बघतो. ही छटा म्हणजे आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारा पृष्ठभाग. आजचे फोन चेहरा ओळखतात, आकाश ओळखतात, पाच-दहा फोटो एकावर एक रचून एक तयार करतात. तरी मूळ खोड तीच, सगळ्यांना सरासरीवर आणायचं. आता कासच्या पठारावर या. गेंदाची पांढरी फुलं दूरवर पसरलेली आहेत. कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, तो फोटो काळवंडवतो, आणि पांढरी फुलं मळकी दिसतात. उलट अजिंक्यताऱ्याच्या काळ्या दगडी तटाचा फोटो घ्या. तिथं त्याला अंधार वाटतो, तो उजेड वाढवतो, आणि काळा दगड राखेच्या रंगाचा होतो.

याला उपाय सोपा आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहे. पडद्यावर मुख्य वस्तूवर बोट टेकवा. शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा एक पट्टी दिसेल. ती वर-खाली सरकवा. नियम ऐकायला उलटा वाटतो, पण लक्षात ठेवा : पांढऱ्या गोष्टीला उजेड थोडा वाढवायचा, काळ्या गोष्टीला थोडा कमी करायचा. बऱ्याच फोनवर बोट दाबून धरलं, की ठरवलेला उजेड आणि फोकस तिथंच कुलूपबंद होतो. नवशिक्यानं महिनाभर एवढंच केलं तरी पुष्कळ झालं.

पुढची पायरी 'प्रो' मोडची. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये तो असतो, काहींत त्यालाच 'मॅन्युअल' म्हणतात. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात शटर आणि आयएसओ हाताने ठरवायची सोय नाही, त्यासाठी वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. मोबाईलच्या भिंगाचं तोंड बहुतेक फोनमध्ये ठरलेलंच असतं, ते लहान-मोठं होत नाही. म्हणून उजेडाच्या दोनच चाव्या आपल्या हाती उरतात. शटर म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा. आयएसओ म्हणजे आत आलेल्या उजेडाचा आवाज किती मोठा करायचा. रेडिओसारखंच, आवाज फार वाढवला की खरखरही वाढते, आणि फोटोत दाणे दिसू लागतात.

या दोहोंचा हिशेब दामदुपटीचा आहे. १/५० सेकंद आणि आयएसओ १०० ला जेवढा उजळ फोटो येतो, तेवढाच १/२०० सेकंद आणि आयएसओ ४०० ला येतो. वेळ चौथाई केला, आयएसओ चौपट केला. उजेड तेवढाच, पण फोटो एक नाही. पहिल्यात हललेलं फूल फरकटतं, दुसऱ्यात ते थांबतं पण थोडे दाणे येतात. काय गमवायचं हे कोणीतरी ठरवणारच आहे. आपण नाही ठरवलं तर यंत्र ठरवतं, एवढाच काय तो फरक.

कासला सप्टेंबरात धुकं असतं, वारा असतो, आणि सोनकी-तेरडा सारखा डोलत असतो. तिथं शटर १/२५० किंवा त्याहून जलद ठेवा आणि आयएसओ लागेल तसा वाढवा. संध्याकाळी सांगलीच्या किंवा वाईच्या घाटावर उलटं करा. नदी आणि पायऱ्या कुठं पळून जात नाहीत. फोन कठड्यावर टेकवा, आयएसओ १०० च्या आसपास ठेवा, शटर अर्ध्या सेकंदापर्यंत जाऊ द्या, आणि हात लागू नये म्हणून टायमर लावा. 'ऑटो'चा रात्रीचा मोड तीच संध्याकाळ दुपारसारखी लख्ख करून दाखवतो. फोटो सुंदर येतो, पण ती संध्याकाळ नव्हे. ठोसेघरचा धबधबा भर दुपारी दुधाच्या धारेसारखा येत नाही, कारण मोबाईलचं भिंग तेवढा उजेड अडवू शकत नाही. भिंगापुढे गडद काच लावावी लागते. आणखी एक आपल्याकडची गंमत. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही ट्यूब आणि एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. सभागृहातल्या फोटोत काळे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० वर आणा, बहुतेक वेळा जातात.

आता रंगाकडे येऊ. आपल्या दर्शनग्रंथांत भ्रमाचं एक ठरलेलं उदाहरण येतं : कावीळ झालेल्या माणसाला पांढरा शंख पिवळा दिसतो. दोष शंखात नाही, बघण्याच्या साधनात आहे. कॅमेऱ्याचा व्हाईट बॅलन्स म्हणजे नेमका हाच प्रश्न. उजेडालाही रंग असतो आणि तो केल्विनमध्ये मोजतात. दिव्याची ज्योत २००० च्या आसपास, जुना पिवळा बल्ब २७०० ते ३०००, दुपारचं ऊन ५००० ते ५५००, ढगाळ आकाश किंवा सावली ६५०० च्या पुढे. 'ऑटो' या रंगाचा अंदाज करतो आणि पांढरं पांढरं दिसावं म्हणून उलट बाजूला ढकलतो. पण संपूर्ण चौकट हळदीनं भरली असेल तर? त्याला हळदीचा पिवळा आणि दिव्याचा पिवळा यांतला भेद कळेलच असं नाही. तो निळ्याकडे ढकलतो आणि सांगलीची हळद फिकी पडते. शंख पिवळा दिसण्याची ही उलटी बाजू. ज्या मालाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा रंग कॅमेऱ्याच्या अंदाजावर सोडावा काय?

द्राक्षाच्या मांडवाखाली याहून अवघड. तिथं ऊन पानांतून गाळून येतं, म्हणजे उजेडच हिरवट. केवड्याचे सुरुवातीचे डाग पानाच्या वरच्या अंगाला पिवळसर, तेलकट असतात. त्या उजेडात कॅमेऱ्यानं पिवळा थोडा इकडे-तिकडे केला, की बघणारा चुकू शकतो, आणि फवारणीचा खर्च व्हायचा तो होतोच. म्हणून पान मांडवाबाहेर मोकळ्या सावलीत आणा. शेजारी साधा पांढरा कागद ठेवा. प्रो मोडमध्ये केल्विनची पट्टी सरकवत, कागद पडद्यावर पांढरा दिसेल तिथं थांबा, मग फोटो घ्या. पानाच्या दोन्ही बाजू घ्या, कारण केवड्याची पांढरी बुरशी खालच्या अंगाला असते. कागद फोटोत राहू द्या. बघणाऱ्यालाही त्यावरून रंग ताडता येतो. साक्षीदारानं शपथ घ्यावी तसा तो कागद.

फोकसही हाताने ठरवता येतो. पट्टीवर बहुधा एका टोकाला फूल आणि दुसऱ्याला डोंगर असं चित्र असतं. कासच्या 'सीतेची आसवं'सारख्या इवल्या फुलाऐवजी कॅमेरा मागचं गवतच धरतो, तेव्हा ही पट्टी कामी येते. पण जवळून घ्यायचं म्हणून वाट सोडून आत शिरू नका. जांभ्या खडकावरची माती बोट-दोन बोटं आहे. आपल्या एका पावलाखाली पुढच्या वर्षाची फुलं जातात. वाटेवर उभं राहून झूम करा, नाहीतर तो फोटो सोडून द्या.

शेवटची गोष्ट 'रॉ' फाईलची. नैयायिक प्रत्यक्षाच्या दोन पायऱ्या मानतात. निर्विकल्पक, म्हणजे नाव-जात लागण्याआधीचं नुसतं ग्रहण. आणि सविकल्पक, म्हणजे 'हे अमुक आहे' असं ठरलेलं ज्ञान. उपमा पुरती बसत नाही, पण कामापुरती बसते. नेहमीचा फोटो सविकल्पक : उजेड, रंग, धार सगळं ठरवून दिलेलं. 'रॉ'मध्ये बरेच निर्णय राखून ठेवलेले असतात, ते आपण मागाहून घेऊ शकतो. फाईल मोठी होते, म्हणून महत्त्वाच्या फोटोपुरतीच वापरा.

मग 'ऑटो' टाकून द्यायचा का? मुळीच नाही. नातू धावत येत असताना केल्विन बघत बसलात तर नातू निघून जाईल. घाईत 'ऑटो'च बरा. पण ज्या फोटोवर कोणी विश्वास ठेवून काही करणार आहे, तिथं दोन मिनिटं थांबावं. आधी भिंग स्वच्छ रुमालानं पुसावं, आणि मग स्वतःला विचारावं : यात मला नेमकं काय खरं दाखवायचं आहे? पानाचा रंग, पाण्याची रेघ, की फुलाचा क्षण? उत्तर मिळालं की कोणती पट्टी सरकवायची ते आपोआप कळतं.

घरी गेल्यावर एक करून बघा. स्वयंपाकघरातल्या हळदीच्या डब्याचा एक फोटो 'ऑटो'वर घ्या, एक कागद ठेवून व्हाईट बॅलन्स हाताने लावून घ्या. दोन्ही घरच्यांना दाखवा आणि विचारा, आपली हळद यातली कोणती? आता तुमचे प्रश्न घेऊ.