दस्तरखानावरचे कोडे

जेवणे उरकली की हल्ली बऱ्याच घरांत कुणाच्या तरी मोबाइलवर एखादे कोडे येते. चाचा मनातल्या मनात आकडेमोड करतात, फुफी कागद-पेन मागतात, आणि कॉलेजात जाणारा भाईजान दोन मिनिटांत उत्तर सांगून मोकळा होतो. कोडे तिथेच संपते. पाचवीतली मुलगी बोटांवर काहीतरी मोजत असते, ती मोजणे सोडून देते.

आम्ही वर्गात गणित शिकवतो, म्हणून आमचे लक्ष त्या मुलीकडे जाते. गणिताची भीती आठवी-नववीत एकाएकी उगवत नाही. ‘तुला नाही जमणार’, ‘मुलींना गणित कशाला’ अशा बोलण्यातून आणि दरवेळी दुसऱ्याचे उत्तर आधी आल्याने ती थोडी थोडी साचत जाते. घरातली मोठी माणसेही अडतात, चुकतात, पुन्हा मोजतात हे मुलांनी पाहिले, तर अडण्याची लाज वाटत नाही. सगळ्यांनी मिळून सोडवलेल्या कोड्याचा खरा फायदा उत्तर येण्याआधीच्या वेळेत असतो.

सगळी कोडी सारखी नसतात

मोबाइलवर फिरणारे हे कोडे तुम्हीही पाहिले असेल: ८ ÷ २(२ + २) = किती? कुणी १६ म्हणते, कुणी १. दोन्ही बाजू हट्टाला पेटतात. खरे तर इथे लिहिणाऱ्यानेच घोळ घातलेला आहे. (८ ÷ २) × (२ + २) असे लिहिले तर उत्तर १६ येते. ८ ÷ [२ × (२ + २)] असे लिहिले तर १ येते. मुलांना एवढेच दाखवावे की कंस नीट घातला की भांडण मिटते, आणि पुढच्या कोड्याकडे वळावे. चांगले कोडे कुणाला मूर्ख ठरवत नाही. ते सुटल्यावर मागे आणखी एक प्रश्न ठेवून जाते.

सतरा उंट आणि मिंबरवरचा मसला

एक जुने कोडे घ्या. एका माणसाने मागे १७ उंट ठेवले आणि सांगून गेला: थोरल्या मुलाला निम्मे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा हिस्सा. सतराचे निम्मे साडेआठ. उंट कापायचा कसा? एका शहाण्या माणसाने आपला एक उंट त्यात मिसळला. आता झाले १८. थोरल्याला ९, मधल्याला ६, धाकट्याला २. बेरीज १७. उरलेला आपला उंट घेऊन शहाणा घरी गेला.

इथे सगळे वाहवा करतात आणि थांबतात. आमची विनंती आहे की इथे थांबू नका. मुलांना विचारा, उंट उरला कसा? १/२, १/३ आणि १/९ यांची बेरीज करायला लावा. ९/१८ + ६/१८ + २/१८ = १७/१८. म्हणजे बापाने पूर्ण वाटणी केलीच नव्हती. अठरावा भाग त्याने कुणालाच दिला नव्हता. शहाण्याने तो भागही तिघांत ९ : ६ : २ या प्रमाणात वाटून टाकला, म्हणून प्रत्येकाला थोडे जास्तच मिळाले.

पुष्कळ घरांत ही गोष्ट हजरत अली (रजि.) यांच्या नावाने सांगतात. फराइजच्या नियमांशी मात्र ती जुळत नाही. तीन मुलगे वारस असतील तर तिघांचा हिस्सा सारखा असतो. शिवाय कुरआनात ठरवून दिलेले हिस्से १/२, १/४, १/८, २/३, १/३ आणि १/६ असे आहेत, त्यांत नववा हिस्सा नाही. तेव्हा ती कोडे म्हणून सांगावी, मसला म्हणून सांगू नये.

फिक्हच्या ग्रंथांत हजरत अलींच्या नावाने जो मसला येतो, तो याच्या नेमका उलटा आणि आमच्या मते कितीतरी सरस आहे. त्याला ‘मिंबरिया’ म्हणतात, कारण मिंबरवर असताना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी तिथल्या तिथे दिले, असे सांगितले जाते. प्रश्न असा: एक माणूस वारला. मागे बायको, दोन मुली, आई आणि वडील. बायकोचा १/८, दोन मुलींचा मिळून २/३, आईचा १/६, वडिलांचा १/६. छेद २४ घ्या. ३ + १६ + ४ + ४ = २७. मालमत्तेचे भाग २४ आणि मागणी २७ भागांची!

उत्तर असे की मालमत्तेचे भागच २७ करायचे आणि त्यांतून ३, १६, ४, ४ द्यायचे. सगळ्यांचे हिस्से एकाच प्रमाणात कमी होतात. बायकोचा आठवा हिस्सा २७ पैकी ३, म्हणजे नववा होतो. सुन्नी फिक्हमध्ये या रीतीला ‘औल’ म्हणतात. उंटांच्या कोड्यात हिश्श्यांची बेरीज एकाहून कमी होती, इथे ती एकाहून जास्त आहे. दोन्हीकडे किल्ली एकच, प्रमाण.

आता रुपयांत मांडा. महर, कर्ज, वसियत हे सगळे फेडून २७ लाख उरले, तर बायकोला ३ लाख, प्रत्येक मुलीला ८ लाख, आईला ४ लाख आणि वडिलांना ४ लाख. ‘प्रत्येक मुलीला ८ लाख’ हे मुलगी स्वतःच्या हाताने लिहिते, तेव्हा ती अपूर्णांक शिकतेच, शिवाय हक्काचा हिशोब कसा लागतो तेही शिकते. कितीतरी बहिणींचा हिस्सा ‘बघू नंतर’ म्हणत वर्षानुवर्षे राहून जातो, हे आपल्याला सर्वांना ठाऊक आहे. प्रत्यक्ष वाटणीच्या वेळी मुफ्ती आणि वकील यांना विचारावेच. पण त्यांनी सांगितलेला आकडा कसा आला, हे समजण्याइतके गणित घरातल्या प्रत्येक मुलीला यायला हवे.

हे काही आजचे नवे शहाणपण नाही. अल-ख्वारिज्मी यांनी नवव्या शतकात बगदादमध्ये अल-जब्रवर ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वारसा आणि वसियतीच्या उदाहरणांनीच भरलेला आहे. ज्या बीजगणिताला आपली मुले घाबरतात, ते एके काळी घरच्या वाटणीसाठी वापरायचे साधन होते.

एका वर्षात दोन ईद

कोड्यासाठी पुस्तकच लागते असे नाही. २००० साली ईदुल-फित्र दोनदा आली, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरात. कशी? मुलांना मोजू द्या. चांद्र महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणून १२ महिन्यांचे ३५४ दिवस. इंग्रजी वर्षाहून ११ कमी. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो. ३६५ ला ११ ने भागले की ३३ येतात, म्हणजे साधारण ३३ वर्षांत रमजान सगळे ऋतू फिरून येतो.

इथे दादी-नानींची गरज लागते. २०१८ चे रोजे मे-जूनच्या उन्हाळ्यात होते. ३३ वर्षे मागे जा, १९८५. तेव्हाचे रोजे कसे होते, हे दादींना विचारा. गणिताचा पडताळा त्यांच्या आठवणीतून मिळेल, आणि त्या काळच्या घराच्या, विहिरीच्या, सहरीच्या गोष्टी वरून मिळतील. पुढचे मुलांनी काढावे: २०३० मध्ये जानेवारीच्या सुरुवातीला एक रमजान लागेल आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा. का?

देवळालीचे मास्तर

कोडी वाटणाऱ्यांत आपल्या महाराष्ट्रातले मोठे नाव म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६). नाशिकजवळ देवळालीला ते शाळेत शिकवत. त्यांनी दाखवलेली गंमत चौथीच्या मुलालाही जमते. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक एकसारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ घेऊन करा, ७६४१ − १४६७ = ६१७४! कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी केली की ६१७४ येतेच. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांविषयी लिहिले आणि शाळामास्तरांची ही संख्या जगभर पोहोचली. घरात पाच माणसे असतील तर पाच वेगवेगळ्या संख्या घेऊन बसा. वजाबाकीचा सराव करा असे कुणाला सांगावेच लागणार नाही.

दूर असलेल्या अब्बांसाठी

कोकणातल्या कितीतरी घरांतले अब्बा कुवेत-दुबईत किंवा जहाजावर असतात. फोनवरचे बोलणे ठरलेले: जेवलीस का, अभ्यास केलास का, पैसे मिळाले का. त्यात आठवड्याला एक कोडे घाला. शुक्रवारी अब्बांनी पाठवावे, रविवारी मुलांनी उत्तर सांगावे, आणि पुढच्या वेळी मुलांनी अब्बांना घालावे. ‘अभ्यास केलास का’ला ‘हो’ म्हटले की बोलणे संपते. ‘तू कुठवर आलीस?’ असे विचारले तर मुलगी दहा मिनिटे बोलते.

पथ्ये दोन-तीनच आहेत. लहानांना आधी बोलू द्यावे. उत्तर चुकले तर हसू नये, ‘कसे काढलेस?’ एवढे विचारावे. भावंडांची तुलना करू नये. अम्मींनाही बसवावे. स्वयंपाकघरातून ‘मला कुठे येते’ म्हणणाऱ्या अम्मीच रोज किलो, पाव आणि छटाक यांचा तोंडी हिशोब करत असतात.

जाता जाता एक कोडे देतो. एका दुकानदाराकडे ४० शेरांचा, म्हणजे एक मणाचा, दगड होता. तो पडून त्याचे चार तुकडे झाले. दुकानदार रडण्याऐवजी खूश झाला, कारण त्या चार तुकड्यांनी त्याला १ पासून ४० शेरांपर्यंत कोणतेही पूर्ण वजन तोलता येऊ लागले. तुकडे किती किती शेरांचे होते? तराजूला दोन पारडी असतात आणि दगड दोन्ही पारड्यांत ठेवता येतात, एवढे लक्षात असू द्या. सुरुवात घरातल्या सर्वांत लहान शाळकरी मुलापासून करा. ज्याला उत्तर आधी कळेल, त्याने दोन दिवस गप्प बसावे.