जुनी गाडी, नवी गाडी : लेखांक सातवा – उष्णतेची वसुली

गेल्या सप्ताहात दिलेल्या वचनाप्रमाणे हाताने बदलावयाचा गिअरबॉक्स श्रेष्ठ की स्वयंचलित, हा जुना तंटा आज निकालात काढावयाचा होता; परंतु स्टुटगार्टहून आलेल्या एका पत्रामुळे ते प्रकरण तूर्त तहकूब ठेवणे भाग पडले आहे. पत्रलेखक मूळचे साताऱ्याकडील, हल्ली तिकडे एका कारखान्यात इंजिनियर, आणि या लेखमालेचे आरंभापासूनचे वाचक आहेत. येत्या उन्हाळ्यात नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या जुन्या ट्रॅकवर दोन दिवस गाडी हाकण्याचा त्यांचा मानस असून त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत : एक, स्नेह्याची 1990 सालची पोर्शे 911, म्हणजे जाणकारांच्या भाषेत 964, आणि दुसरा, भाड्याने मिळणारी आजच्या 992 पिढीतील जीटी3. जुनी गाडी हलकी, म्हणून तिचे ब्रेक आणि इंजिन ट्रॅकवर अधिक टिकतील, असे माझ्या तिसऱ्या लेखांकावरून त्यांनी अनुमान काढले आहे, आणि ते यथार्थ आहे काय, अशी त्यांची पृच्छा आहे. प्रश्न माझ्या आवडीचा आहे. तेव्हा गिअरबॉक्सच्या पक्षकारांनी क्षमा करावी.

प्रथम वजनाची रुजुवात घेऊ. तिसऱ्या लेखांकात हलकेपणाची जी महती वर्णिली, ती सव्वासातशे किलोंच्या आसपास भरणाऱ्या पहिल्या लोटस एलिसला अनुलक्षून होती. आणि 911 च्याच कुळात शोधावयाचे झाले तर 1973 सालच्या कॅरेरा आरएस 2.7 ची सर्वांत हलकी आवृत्ती 960 किलोंची होती. परंतु 964 चा जन्म होईपर्यंत ते सडपातळ दिवस सरले होते. एबीएस आले, पॉवर स्टिअरिंग आले, आणि वजन 1350 किलोंवर गेले. उलट आजची जीटी3, अंगावर इतकी यंत्रसामग्री वागवूनही, हाताच्या गिअरबॉक्ससह 1418 किलोंतच बसते. फरक अवघा 68 किलोंचा, म्हणजे एका सहप्रवाशाचा. शक्ती मात्र 250 अश्वशक्तींवरून 510 वर, म्हणजे दुपटीहून अधिक झाली आहे. तेव्हा ‘जुनी म्हणून हलकी’ हे समीकरण या जोडीपुरते तरी निकामी ठरते. दोघींतील खरा भेद वजनाचा नसून वेगाचा आहे, आणि उष्णतेच्या दरबारात वेग हाच अधिक मोठा देणेकरी असतो.

का, ते पाहावे. धावत्या वस्तूची ऊर्जा वजनाच्या सरळ प्रमाणात, परंतु वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सूत्र शाळेत सर्वांनीच घोकलेले असते. मात्र ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवण्याचा प्रसंग येईपर्यंत त्याचा अर्थ अंगी भिनत नाही. समजा, चालकासह 1430 किलोंची 964 ताशी 220 किलोमीटर वेगाने एका सरळ पट्ट्याच्या अखेरीस आली, आणि त्याच जागी 1500 किलोंची जीटी3 ताशी 280 ने आली. दोघींना पूर्ण थांबवावयाचे ठरवले, आणि हवेच्या विरोधाचा वाटा क्षणभर बाजूस ठेवला, तर पहिलीच्या ब्रेकना सुमारे 2.7 मेगाज्यूल आणि दुसरीच्या ब्रेकना सुमारे 4.5 मेगाज्यूल ऊर्जा पचवावी लागेल. हे आकडे डोळ्यांपुढे उभे राहावेत म्हणून सांगतो : पहिल्या उष्णतेत 30 अंशांचे 9 लिटर पाणी उकळीच्या अंशापर्यंत तापेल, दुसरीत साडेपंधरा लिटर, आणि ही उष्णता काही क्षणांत, चार चकत्यांच्या पृष्ठभागावर उत्पन्न होते. नुसत्या वजनामुळे ऊर्जा वाढते ती जेमतेम पाच टक्के. उरलेला सारा वेगाचा प्रताप.

नवी गाडी ही वसुली कशी भागवते, तर मोठ्या भांडवलावर. जीटी3 च्या पुढील चाकांच्या बिडाच्या डिस्क 408 मिलिमीटर व्यासाच्या आहेत. 964 ची अखंड डिस्क तीत सहज सामावेल. कॅलिपर मोठे, हवेचे मार्ग हेतुपुरस्सर आखलेले, टायर पुढे 255 आणि मागे 315 मिलिमीटर रुंद. म्हणून दोन्ही गाड्या एकाच चालीने चालवल्या, तर नवी गाडी दिवसभर थकणार नाही आणि जुनी माध्यान्हीच विश्रांती मागेल, हे निर्विवाद आहे. परंतु जीटी3 हाती असता 964 च्या चालीने कोण चालवतो? मनुष्य गाडीला जेवढे सामर्थ्य असेल तेवढे खर्च करू पाहतो, आणि कुवत मोठी असली तरी खर्चही तिच्या बरोबरीने वाढत जातो.

आता ही वसुली थकली म्हणजे काय घडते, हे नव्या चालकाने नीट समजून घ्यावे. कारण ‘ब्रेक गेले’ या एकाच वाक्याखाली आपण दोन अगदी भिन्न आपत्ती दडपतो. पहिलीत ब्रेक पॅड त्यांच्या सोसण्यापलीकडे तापतात : पेडल नेहमीसारखे टणक लागते, परंतु कितीही रेटले तरी गाडी हवी तशी थांबत नाही. दुसरीत कॅलिपरमधील ब्रेक ऑइल उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात; द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, त्यामुळे पायाचा सारा जोर ती वाफ आवळण्यातच खर्ची पडतो आणि पेडल मऊ होत थेट तळाला जाते. पहिली आपत्ती पुष्कळदा दोन-तीन वळणे आधी इशारा देते. दुसरी बहुधा देत नाही.

आणि येथे एक गोष्ट अशी आहे की तीत गाडीच्या वयापेक्षा तेलाच्या वयाला अधिक महत्त्व आहे. प्रचारातील ब्रेक ऑइल ग्लायकोल वर्गातील असून ते हवेतील ओल शोषून घेते. डॉट 4 प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो, त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की ती किमान मर्यादा 155 वर येते. डॉट 5.1 चे हेच आकडे 260 आणि 180. म्हणजे वर्षा-दोन वर्षांचे जुने तेल भरलेली कोरी करकरीत गाडी ही ताजे तेल भरलेल्या तीस वर्षांच्या गाडीहून ट्रॅकवर अधिक धोक्याची ठरू शकते. मुंबई-रत्नागिरीकडील वाचकांना हे विशेष आग्रहाने सांगतो, कारण आपल्याकडील चार महिन्यांच्या दमट हवेत हे शोषण बिनबोभाट चालू असते; आणि रस्त्यावरील चालवण्यात ते कधी उघडकीस येत नाही, कारण तेथे ब्रेक तेवढे तापतच नाहीत.

नॉर्डश्लाइफेची रचना तर जणू गाडीची दोन्ही अंगांनी परीक्षा घेण्यासाठीच केली असावी. हा 1927 साली खुला झालेला 20.8 किलोमीटरचा रस्ता, आणि त्याच्या उच्चतम व नीचतम बिंदूंत सुमारे 300 मीटरचा फरक. पूर्वार्धात उतार आहे : फुक्सरोअरच्या खोल घळीत गाडी वेगाने उतरते, लगोलग आडेनाउअर फोर्स्टला जोराने ब्रेक मारावा लागतो, पुढे वेअरझाइफेनच्या उतारावर पुन्हा, आणि ब्राइडशाइडच्या पुलापाशी, म्हणजे सर्वांत खालच्या जागी, गाडी पोहोचते ती तापलेल्या ब्रेकनिशी. तेथून भूमिका पालटते. बेर्गवेर्कपासून केसेलशेनचा लांबच लांब चढ लागतो. ब्रेक थंडावू लागतात, आणि सारा भार इंजिनावर येऊन पडतो. एकाच फेरीत आधी ब्रेकची आणि मग इंजिनाची अशी झडती घेणारा दुसरा इतका लांब रस्ता माझ्या परिचयाचा नाही.

इंजिनाच्या या झडतीत मात्र जुन्या गाडीच्या भक्तांना एक कटू सत्य स्वीकारावे लागते. 911 चे इंजिन 1963 पासून हवेने, आणि तितकेच तेलाने, थंड केले जाई. 964 च्या पोटात त्यासाठी 11 लिटरांच्या आसपास तेल खेळते. या रचनेतील साधेपणाचे, आणि त्या पंख्याच्या घरघरीचे, गुणगान मीही वेळोवेळी केले आहे. परंतु प्रत्येक सिलिंडरला दोनाऐवजी चार व्हॉल्व्ह द्यावयाचे म्हटले की सिलिंडर हेडमध्ये उष्णता अशी दाटते की नुसती हवा पुरी पडत नाही. स्वतः पोर्शेनेही हे फार आधी ओळखले होते : 956 आणि 962 या शर्यतीच्या गाड्यांत, आणि 1986 च्या 959 मध्ये, सिलिंडर हवेने व हेड पाण्याने थंड करण्याचा मध्यम मार्ग तिने स्वीकारला. 1998 साली 911 च्या 993 या पिढीबरोबर हवेचे युग आटोपले. त्या वेळी भाविकांनी जो विलाप मांडला, त्यात 1970 च्या दशकात अमेरिकेत गेलेल्या 2.7 लिटरच्या 911 गाड्यांची हकीकत कोणी आठवली नाही : प्रदूषणाच्या नियमांसाठी बसवलेल्या थर्मल रिॲक्टरांनी त्या इंजिनांची उष्णता इतकी वाढवली की सिलिंडर हेडचे लांब बोल्ट मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधून आटे फाडून बाहेर ओढले जात. जुने ते सारेच टिकाऊ, हा समज अशा उदाहरणांपुढे टिकत नाही.

मग नव्या गाडीच्या बाजूने निवाडा झाला, असे वाटेल. तथापि एक कलम शिल्लक आहे, आणि माझ्या मते तेच या पत्रलेखकांच्या कामाचे आहे. नवी गाडी चालकाला वळणावर सावरून घेते, हे आपण पाचव्या लेखांकात सविस्तर पाहिले. परंतु ती सावरते कशाने, याचा विचार तेथे केला नव्हता. मागचे अंग घसरू लागले की स्थैर्य राखणारी यंत्रणा एखाद्या चाकाचा ब्रेक आपणहून लावते. चालक जितका अननुभवी, तितक्या त्याच्या चुका अधिक. आणि प्रत्येक चुकीची भरपाई ब्रेकच्या खात्यातून, त्याच्या नकळत, होत राहते. फेरी संपते, चालक स्वतःवर संतुष्ट असतो, आणि कॅलिपर मात्र असे तापलेले असतात की ते पेडलने त्याला सांगितलेलेच नसते. 964 मध्ये अशी यंत्रणा नाही. तेथे वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला तर भार पुढे सरकतो, मागील टायर पकड सोडतात, आणि मागे बसवलेले इंजिन गाडीला गरकन फिरवू पाहते. चुकीची किंमत तात्काळ आणि उघडपणे मागितली जाते. म्हणून मनुष्य बेताने वागतो, सरळ रस्त्यावर आधी ब्रेक लावतो, आणि नकळत उष्णतेचाही हिशेब राखू लागतो.

राहिली विक्रमांची गोष्ट. 992 जीटी3 ने नॉर्डश्लाइफेची पूर्ण फेरी 6 मिनिटे 59.927 सेकंदांत काढली, हे पत्रलेखकांनी मोठ्या आदराने लिहिले आहे, आणि तो आदर सार्थही आहे. परंतु विक्रमाची फेरी ही स्वभावतःच एकटी असते. ताजे टायर, निष्णात चालक, मोकळा रस्ता, आणि मागे-पुढे काही नाही. चौथ्या फेरीत काय होते, हे तिला कोणी विचारत नाही. आणि भाड्याच्या गाडीत बसलेल्या हौशी माणसाचा सारा प्रश्न त्या चौथ्या फेरीचाच असतो.

तेव्हा सातारकरांना माझे उत्तर असे : स्नेही राजी असतील, तर 964 घ्या, ती हलकी आहे म्हणून नव्हे, तर तिच्यात बसून तुम्ही प्रत्येक वळणापाशी कमी वेगाने पोहोचाल म्हणून, आणि काही बिघडू लागले तर ते तुम्हांला वेळेवर कळेल म्हणून. आधी ब्रेक ऑइल बदलून घ्या, ब्रेकमधील हवा काढून घ्या, आणि पॅड अर्ध्याहून अधिक झिजले असतील तर जुन्या पॅडवर जाऊ नका. दोन जोरदार फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेकला शक्य तितका कमी स्पर्श करून, संथ चालीने पुरी करा, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या पृष्ठभागावर दाब देऊन ठेवणे डिस्कच्या हिताचे नसते. गाडी गिअरमध्ये ठेवा, आणि जागा उताराची असेल तर चाकाखाली दगड लावा. जीटी3 च घ्यावयाची झाली, तर हेच नियम दुप्पट कडकपणे पाळा, आणि भाड्याच्या करारातील विम्याचे कलम मद्यपानापूर्वी नव्हे, न्याहारीपूर्वी वाचा.

पुढील सप्ताहात गिअरबॉक्स निश्चित घ्यावयाचा आहे. मात्र वर 315 मिलिमीटरच्या टायरांचा उल्लेख झाला आणि त्यांच्या तापण्याविषयी मी चकार शब्द काढला नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आले असेलच. त्यांच्या तक्रारी फार आल्या, तर गिअरबॉक्सला आणखी एक तारीख पडेल.