‘बीस्ट्स ऑफ नो नेशन’: पटकथा आणि कॅमेरा एकाच हाती

घानामध्ये चित्रित झालेल्या या चित्रपटाचे (२०१५) पटकथालेखन, दिग्दर्शन आणि छायालेखन कॅरी जोजी फुकुनागा यांनीच केले असून, त्याला उझोडिन्मा इवेआला यांच्या २००५ मधील कादंबरीचा आधार आहे. कादंबरीत अगू हा बालसैनिक मोडक्यातोडक्या इंग्रजीत, वर्तमानकाळात स्वतःची कहाणी सांगतो. पटकथेत मात्र हे कथन पार्श्वनिवेदनापुरते, म्हणजे दृश्यावर अधूनमधून ऐकू येणाऱ्या त्याच्या स्वगतापुरते उरते आणि उरलेला भार प्रतिमांवर पडतो. देशाचे नाव दोन्हीकडे गाळलेले असल्याने युद्धाची कारणे धूसर राहतात, हा आक्षेप रास्त आहे. पण अगूला तरी ती कुठे ठाऊक असतात? अमली पदार्थाच्या अमलाखाली असताना त्याच्या भोवतालचे हिरवे रान लालसर-गुलाबी होते, तेव्हा अवरक्त फिल्मची, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपून पानांना लाल दाखवणाऱ्या फिल्मची आठवण होते, आणि हा रंगबदल पडद्यावरील रक्तापेक्षाही अधिक अस्वस्थ करतो. अगूची भूमिका करणाऱ्या अब्राहम अट्टा याला व्हेनिस महोत्सवात नवोदित कलावंतासाठीचा मार्चेल्लो मास्त्रोयान्नी पुरस्कार मिळाला.